मोटर गेली नव्हती

आज सायकल दुरुस्तीच्या दुकानात एक काका ई-सायकल टेकवत म्हणाले, “चढावर बंद पडते. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. मोटर गेली, बदलून टाका.”

मोटर नव्हे हो, बॅटरी! ‘थांबलं की परत चालू’ यातच उत्तर होतं.

३६ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये साधारण सेलचे १० गट एकामागोमाग जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाला की प्रत्येक गट ४.२, एकूण ४२ व्होल्ट. एखादा गट दमलेला असेल तर चढावर करंट वाढताच त्याचं व्होल्टेज झपकन पडतं आणि आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, पुरवठा तोडतं. उभं राहिलं की व्होल्टेज सावरतं, म्हणून सायकल पुन्हा चालते. नऊ गट ठणठणीत, पण गाडी दहाव्याच्या लहरीवर.

चार्ज करून तासभर थांबा, मग बीएमएसच्या बारीक वायरींच्या कनेक्टरवर शेजारशेजारच्या दोन-दोन पिनांमधलं, म्हणजे एकेका गटाचं, व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. बाकी ४.१ आणि एकच ३.६ दिसला तर तोच चोर. (प्रोब घसरून दोन पिना जुळल्या तर ठिणगी उडते, सवय नसेल तर हात लावू नका.)

मग फक्त त्या गटाचे सेल बदलायचे. नवे सेल स्पॉट वेल्डिंगनेच (क्षणभर करंट देऊन पट्टी चिकटवणं) जोडायचे. सोल्डरिंगची उष्णता सेलला सोसत नाही.

पण बहुतेक ठिकाणी सरळ नवा पॅक गळ्यात मारतात. किंमत ऐकून माणूस सायकल जिन्याखाली ठेवतो आणि परत स्कूटर काढतो. शहरात सायकल ट्रॅक हवेत, मान्य. पण पॅक उघडून गट मोजणारा मेकॅनिक तुमच्या भागात आहे का?