छातीवरचं पिस्तूल आणि कमरेचा डबा

हॅचर पासला ब्लूबेरी तोडायला गेलो होतो, त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. आपल्याकडे मे महिन्यात करवंदांसाठी डोंगर पालथे घालतात, तसा इथे अलास्कात ऑगस्टचा हा कार्यक्रम असतो. डबाभर ब्लूबेरीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांचा डोळा माझ्या छातीवर आडव्या बांधलेल्या काळ्या होल्स्टरवर. मामांनी विचारलं, “लायसन्स कुणाच्या ओळखीने काढलंस?” मावसभावाला किंमत हवी होती. आईने मेसेज वगैरे न करता सरळ फोन लावला, “अरे, गळ्यात माळ आहे ना तुझ्या? मग खाली हे काय लटकवलंयस?”

तिघांना वेगवेगळं समजावण्यापेक्षा इथेच लिहितो.

आधी अस्वलांचं. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या अंदाजाप्रमाणे अलास्कात तपकिरी अस्वलं 30 हजारांच्या घरात आणि काळी एक लाखाच्या आसपास. माणसं साडेसात लाखांच्या आत. आणि अस्वलं फक्त दूरच्या रानात असतात असंही नाही. आमच्या अँकरेज शहराच्या हद्दीतल्या कॅम्पबेल क्रीकमध्ये सॅमन मासा चढतो, त्याच्या मागोमाग तपकिरी अस्वलं येतात, आणि सायकलच्या पायवाटा त्याच ओढ्याला धरून आहेत. 2008 साली तिथे रात्रीच्या सायकल शर्यतीत एका शाळकरी मुलीवर अस्वलाने हल्ला केला होता. ती वाचली. 2017 च्या जूनमध्ये शहराजवळच्या बर्ड रिजवर डोंगरी शर्यतीत धावणारा 16 वर्षांचा मुलगा मात्र काळ्या अस्वलाच्या तावडीतून सुटला नाही. असे प्रसंग मोजकेच, पण इथल्या प्रत्येकाला ते तोंडपाठ असतात.

आता मामांचा प्रश्न. लायसन्स लागलंच नाही. अलास्कात 21 वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, उघडं असो की कपड्याखाली. 2003 पासून असंच आहे. पण हे वाचून एच-वन-बीवर असलेल्या कुणी दुकानाकडे धाव घेऊ नका. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी अमेरिकेचा केंद्रीय कायदा वर बसलेला आहे. त्यानुसार कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्याला बंदूक तर सोडाच, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते, आणि काही देशी मंडळी तेवढ्यासाठी तो काढतातही. ज्यांचं अख्खं इमिग्रेशन एका कागदावर लोंबकळतंय त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय हा खेळ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत फक्त अस्वलांवर मारायचा मिरचीचा स्प्रे घेऊन फिरलो. कार्ड आल्यावर दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरला, त्यात कार्डावरचा नंबर लिहिला, दुकानदाराने पार्श्वभूमीची तपासणी करून घेतली आणि पेटी माझ्या हातात दिली. आपल्याकडे पिस्तूल म्हटलं की एकतर पुढाऱ्याच्या कमरेचं नाहीतर बातमीतला ‘गावठी कट्टा’. इथे ते शेजारच्या काउंटरवर, मासेमारीच्या गळांच्या बाजूला.

काउंटरमागे एक पिकल्या दाढीचे आजोबा होते. मी इंटरनेटवर वाचून तयारीनिशी गेलो होतो आणि कॅलिबरबद्दल, म्हणजे गोळीच्या जाडीबद्दल, विचारणार, एवढ्यात त्यांनीच विचारलं, “पाठीला सॅक असते का? कमरेचा पट्टा आवळता का तिचा?” मला वाटलं, म्हातारा विषय बदलतोय. पण मुद्द्याचा प्रश्न तोच होता. ट्रेकच्या सॅकचा रुंद पट्टा कमरेवर आला की कमरेचं होल्स्टर त्याच्याखाली दबतं, आणि सॅकमध्ये ठेवलेलं पिस्तूल म्हणजे घरी कपाटात ठेवलेलं पिस्तूल. म्हणून इथले गाइड, मासे धरणारे, सर्वेक्षणवाले, सगळे छातीवर बांधतात. सॅक चढवा, उतरवा, पाण्यात मांडीपर्यंत उतरा, ते जागचं हलत नाही आणि हात आपोआप तिथे जातो. फोटोत दिसलं ते हेच.

मग कॅलिबर. अलास्कात या विषयावर दोन माणसांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. जुन्या पिढीचं दैवत .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर. 1955 पासून चालत आलेलं, सहा गोळ्या, चार इंची नळीचं स्टीलचं मॉडेल सव्वा किलोच्या आसपास. त्याहून दांडगं हवं असेल तर स्मिथ अँड वेसनचं .500 आहे. पाच गोळ्या, वजन दीड किलोच्या वर. नवीन पिढी 10 मिमीच्या ग्लॉक 20 कडे वळली आहे. मॅगझिनमध्ये 15 गोळ्या, भरल्यावर वजन सव्वा किलोच्या आत. ईशान्य ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणारी डेन्मार्कची सिरियस तुकडी ध्रुवीय अस्वलांसाठी हेच ग्लॉक 20 बाळगते. दुकानात हे वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवलंच जातं.

आणि मग अपवाद निघतात, वाद पेटतो. 2016 मध्ये इथल्या एका अनुभवी गाइडने चालून आलेलं तपकिरी अस्वल साध्या 9 मिमी पिस्तुलाने पाडलं. 2010 च्या मे महिन्यात डेनाली नॅशनल पार्कमध्ये झुडपातून आलेल्या ग्रिझलीवर (हे तपकिरी अस्वलच) एका ट्रेकरने .45 पिस्तुलातून नऊएक गोळ्या झाडल्या. अस्वल वळलं आणि थोड्या अंतरावर मरून पडलं. 9 मिमीवाले गाइडचा दाखला देतात, मॅग्नमवाले म्हणतात, बघा, नऊ गोळ्या लागल्या!

मला उत्तर रेंजवर मिळालं. इथे भाड्याने पिस्तुलं मिळतात, गोळ्यांचे पैसे वेगळे. आधी हलकं .44 घेतलं, स्कँडियमच्या हलक्या मिश्रधातूचं, जेमतेम सातशे ग्रॅम. हातात घेतल्यावर वाटलं, हेच! डोंगरात चालताना कळणारसुद्धा नाही. पहिली गोळी कागदी अस्वलाच्या खांद्यात लागली. पण नळी उसळून छताकडे गेली, अंगठा आणि तर्जनीमधली कातडी सोलल्यासारखी चुरचुरली, आणि पुन्हा नेम धरेपर्यंत मी मनातल्या मनात रामरक्षेच्या दुसऱ्या श्लोकापर्यंत पोचलो असेन. दुसऱ्या गोळीला तर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. वजन कमी तितका झटका जास्त, हे कागदावर कळणं वेगळं आणि तळहाताला कळणं वेगळं. ग्लॉक 20 चाही झटका आहे, पण दुसरी, तिसरी, चौथी गोळी थाळीएवढ्या जागेत पडत होती. मी तेच घेतलं. मावसभावासाठी: साधारण सहाशे-साडेसहाशे डॉलर, होल्स्टर वेगळं.

रिव्हॉल्व्हरची बाजू मात्र सांगायला हवी, कारण ती खरी आहे. अस्वल अंगावर पडलं आणि नळी त्याच्या पोटात रुतवून चाप ओढायची वेळ आली, तर रिव्हॉल्व्हर चालतं. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग दाबामुळे जरासा मागे सरकला की गोळी सुटतच नाही. मनगट सैल पडलं तरी पिस्तूल अडकू शकतं. ज्याला वर्षातून एकदाच हात लावायचाय त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावं. मला सराव आवडतो, म्हणून पिस्तूल.

गोळीही वेगळी लागते. माणसापासून बचावासाठी जी पोकळ टोकाची गोळी विकतात ती आत शिरल्यावर फुलते आणि लवकर थांबते. अस्वलाच्या बाबतीत चरबी, स्नायू, खांद्याचं हाड पार करून आत जायचं असतं. त्यासाठी कडक शिशाची, सपाट तोंडाची, न फुलणारी जड गोळी. 10 मिमीमध्ये 200 ते 220 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). आणि जो ब्रँड बाळगायचा तो आपल्याच पिस्तुलातून आधी भरपूर झाडून बघायचा. काही पिस्तुलांना काही गोळ्या पचत नाहीत.

हे सगळं झाल्यावर एक हिशेब करा. अस्वल ताशी 55 किलोमीटरने धावतं, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. झुडपातून तीस मीटरवर निघालं तर दोन सेकंद. त्यात ओळखायचं, उपसायचं, नेम धरायचा, आणि डोकं वरखाली करत येणाऱ्या जनावराला मारायचं. म्हणून माझ्या कमरेला उजवीकडे, हाताला पहिल्यांदा लागेल असा, स्प्रेचा डबा असतो. ग्रुपवरच्या फोटोत तो दिसतोय, नारिंगी झाकणाचा. त्याच्याबद्दल कुणीच विचारलं नाही!

डब्यात मिरचीचा अर्क. कॅप्साइसिन आणि त्याच्या भाऊबंदांचं प्रमाण एक ते दोन टक्के. दाबलं की सात-आठ मीटरपर्यंत नारिंगी ढग पसरतो आणि डबा काही सेकंदांतच रिकामा होतो. नेम काटेकोर लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. 2008 साली अलास्कातल्या स्प्रेच्या 83 घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत 92 टक्के वेळा स्प्रेने अस्वलाला आवरलं आणि अगदी जवळच्या गाठीतही ज्यांच्याकडे स्प्रे होता त्यातले 98 टक्के लोक जखमेविना परतले. त्याच मंडळींपैकी काहींनी 2012 मध्ये बंदुकांच्या 269 घटना तपासल्या. पिस्तुलं 84 टक्के, लांब नळीच्या बंदुका 76 टक्के यशस्वी. पण बंदूक झाडली काय आणि न झाडली काय, माणसाला इजा होण्यात फरक दिसला नाही. बंदूकवाले म्हणतात, नीट पार पडलेली प्रकरणं नोंदलीच जात नाहीत, तेव्हा आकडे कमी दिसणारच. या म्हणण्यात तथ्य आहे. तसंच स्प्रेच्या बऱ्याच घटनांत अस्वल चालून आलेलं नव्हतं, नुसतं घुटमळत होतं, हेही खरं. दोन आकडे शेजारी मांडून निकाल लावता येत नाही.

स्प्रे रामबाण नाहीच. 2023 च्या सप्टेंबरअखेर कॅनडात बान्फ नॅशनल पार्कमध्ये एक अनुभवी जोडपं ग्रिझलीच्या हल्ल्यात गेलं, तिथे स्प्रेचा रिकामा डबा सापडला. उलट 2024 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ग्रँड टीटन नॅशनल पार्कमध्ये एका माणसाला स्प्रे मारायची संधीच मिळाली नाही, पण त्याला चावताना अस्वलाचा दात हातातल्या डब्यात घुसला, डबा तोंडातच फुटला आणि अस्वल पळालं. वारा तोंडावर असेल तर ढग आपल्याच डोळ्यांत येतो. अल्डरच्या दाट झुडपात, मुसळधार पावसात, तंबूत झोपलेलं असताना मला स्प्रेचा तितका भरवसा वाटत नाही. तेवढ्यासाठी छातीवरचं ओझं. बायको फक्त स्प्रे घेते. तिचं म्हणणं, दोघांपैकी एकाचे हात मोकळे हवेत, आणि तसंही आपल्या बडबडीने अस्वलं आधीच पसार होतात. दुसरा मुद्दा खरोखरच शास्त्रशुद्ध आहे. बहुतेक हल्ले अस्वल दचकल्यामुळे होतात, म्हणून इथे पायवाटेवर गप्पा मारत, टाळ्या वाजवत चालायचं. मी अभंग म्हणतो. वळणावर जरा वरच्या पट्टीत.

आता आईचं. आई, पिस्तूल झाडायची माझी मुळीच इच्छा नाही, आणि माळेइतकंच त्याला इथल्या कायद्याचंही कारण आहे. जीव वाचवायला अस्वल मारलं तर अलास्कात गुन्हा नाही, मात्र त्याला चिथावलेलं नसावं आणि कचरा-अन्न उघडं टाकून बोलावलेलं नसावं. पण मारल्यावर तसंच टाकून घरी जाता येत नाही. ताबडतोब खात्याला कळवायचं, पंधरा दिवसांत लेखी फॉर्म द्यायचा, आणि त्या अस्वलाचं कातडं आपणच सोलायचं. नखं कातड्याला तशीच लागलेली हवीत. कातडं आणि कवटी खात्याच्या कचेरीत नेऊन जमा करायची, दोन्ही सरकारची. म्हणजे अंगावर आलेल्या अस्वलापासून वाचल्यावर, हात थरथरत असताना, दुसरं अस्वल वासाने येतंय का हे बघत, चाकू घेऊन दोन-तीनशे किलोच्या धुडाशी बसायचं. ज्या पोराने आयुष्यात कोंबडी कापलेली नाही त्याने! आई फोनवर बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “त्यापेक्षा तो मिरचीचा डबा दोन घेत जा.”

दोनच घेतो हल्ली.

पुढच्या उन्हाळ्यात इकडे येणार म्हणणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नॅशनल पार्कमध्ये 2010 पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगता येते, पण व्हिजिटर सेंटरच्या इमारतीत नाही, आणि झाडणं सर्वसाधारणपणे मना आहे. कॅनडातून गाडीने येणार असाल तर पिस्तुलाचा विचारच नको, स्प्रे तिकडे चालतो. विमानाचा नियम मात्र गमतीचा. पिस्तूल रिकामं करून, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात नेता येतं. मिरचीचा डबा ना केबिनमध्ये चालत ना चेक-इनमध्ये. त्यामुळे तो इथे उतरल्यावरच घ्यावा लागतो, चाळीस-पन्नास डॉलरला, आणि जाताना इथेच सोडावा लागतो. आमच्याकडे उतरणार असाल तर विकत घेऊ नका. गॅरेजमध्ये आधीच्या पाहुण्यांचे डबे रांगेत उभे आहेत, तीन-चार वर्षांनी ते कालबाह्य होतात, तेव्हा तळाची तारीख बघून त्यातलाच चांगला एक देईन.