रेषेचा माणूस आणि वरून येणारा हात

आज दुपारी भाचीला सोबत घेऊन ‘ला लिनेआ’ या इटालियन कार्टूनमालिकेचे काही भाग सलग पाहिले. ओस्वाल्दो कावांदोली यांनी हे पात्र १९६९ मध्ये लागोस्तीना कंपनीच्या स्वयंपाकाच्या भांड्यांच्या जाहिरातींसाठी निर्माण केले आणि पुढे त्याची स्वतंत्र मालिका झाली. एका आडव्या पांढऱ्या रेषेतूनच हा नाकाडा माणूस उभा राहतो, त्याच रेषेवरून तोऱ्यात चालतो आणि रेषा अचानक संपली की टोकाशी थबकून, वर पाहत, चित्रकाराच्या नावाने शंख करू लागतो. मग पेन्सिल धरलेला हात पडद्यावर येतो. तो कधी हवी ती वस्तू काढून देतो, तर कधी मुद्दाम खोडी काढतो. त्याला आवाज देणाऱ्या कार्लो बोनोमी यांनी मिलानकडच्या बोलीच्या हेलात केलेली त्याची बडबड निरर्थकच आहे, तरीही लाडीगोडी कोणती आणि शिवी कोणती, हे भाचीला एकदाही विचारावे लागले नाही.

पात्र आणि चित्रकार यांचे असेच भांडण चक जोन्स यांच्या १९५३ च्या ‘डक अमक’ या अमेरिकी कार्टूनपटातही आहे; त्यात डॅफी बदकाला छळणारा चित्रकार शेवटी बग्ज बनी हा ससा निघतो. ती गंमत जोरदार असली तरी तिचा धक्का एकदाच बसतो. ‘ला लिनेआ’त मात्र हात चित्रकाराचाच आहे हे पहिल्यापासून ठाऊक असूनही भांडण शिळे होत नाही. रेषेचा माणूस ओरडत खाली कोसळला की भाची हाताची बाजू घेत होती आणि मी, अर्थातच, त्याची.