ऑरेगॉन ट्रेलवर पूर्वजांचा माग: आधी जमिनीचे कागद, मग रस्ता

सुनेच्या आईकडचे पूर्वज १८५२ साली बैलगाडीने अमेरिकेतल्या मिसुरीहून पश्चिमेला ऑरेगॉनला गेले, एवढंच तिच्या माहेरी ठाऊक होतं. यंदा उन्हाळ्यात आम्ही त्याच वाटेने, म्हणजे ऑरेगॉन ट्रेलने, वायोमिंगपासून ऑरेगॉन सिटीपर्यंत मोटारीने गेलो. तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी जमिनीचे कागद काढाच.

१८५० च्या ‘डोनेशन लँड’ कायद्याने ऑरेगॉनात येऊन वस्ती करणाऱ्यांना जमीन फुकट मिळत असे. डिसेंबर १८५० नंतर पोचलेल्या जोडप्याला ३२० एकर, त्यातली निम्मी बायकोच्या नावावर! म्हणून या जमिनीसाठी केलेल्या दाव्यांच्या कागदांत जन्म कुठला, लग्न कधी नि कुठे झालं, ऑरेगॉनात कधी पोचले, हे सगळं लिहिलेलं असतं. तोवर सुनेच्या घरी नुसतंच ‘मिसेस’ म्हणून माहीत असलेल्या त्या पूर्वज बाईचं स्वतःचं नाव आम्हाला इथेच सापडलं. सून कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. साक्षीदारांची नावंही उतरवून घ्या. त्यांत शेजारी निघतात, कधी नातेवाईकही. हे कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जोडीला १८६० ची जनगणना पाहा. एक मूल मिसुरीत आणि पुढचं ऑरेगॉनात जन्मलेलं दिसलं, की प्रवासाचा काळ आपोआप कळतो.

वाटेत वायोमिंगमधल्या गर्न्झीला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथल्या वालुकाश्मात गाड्यांनी पाडलेली चाकोरी काही ठिकाणी माणसाच्या छातीपर्यंत खोल आहे. गाडीत सामानच खच्चून भरलेलं असे, त्यामुळे बहुतेक माणसं बैलांच्या बाजूने पायीच चालत. त्या चाकोरीत उभं राहिल्यावर या सगळ्या वाटेचे ३,२०० किलोमीटर म्हणजे काय, ते पायांना कळतं.

पुढे वायोमिंगमध्येच इंडिपेंडन्स रॉक हा मोठा खडक आहे. त्यावर प्रवाशांनी कोरलेली नावं सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर नीट वाचता येतात. पुष्कळशी झिजलीत, तेव्हा आपल्या पूर्वजांचं नाव सापडेलच असं धरून जाऊ नका. अक्षरांवर खडू तर मुळीच फिरवू नका. सावली नाही, वारा बोचरा आणि गवतात रॅटलस्नेक असतात. पाणी भरपूर घ्या, बूट घोट्यापर्यंतचे घाला. फोनला रेंज मिळेलच असं नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

दाव्यातल्या टाउनशिप-रेंजच्या, म्हणजे सरकारी मोजणीत जमिनीची जागा सांगणाऱ्या, आकड्यांवरून जमीन आजच्या नकाशावर शोधता येते. मात्र ती आता दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीची असेल, म्हणून कुंपणाच्या आत शिरण्याआधी परवानगी मागा.