छऱ्याचा डाय, मेण आणि गोठ्यातले १० मीटर

छरे दाबून एका मापाचे करायचा डाय, म्हणजे नेमक्या भोकाचा साचा, हातात आला की कळवतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आला, वापरून झाला, आणि सध्या खिडकीत पडून आहे. का, ते सांगतो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: माझी स्प्रिंगची ०.१७७ इंची एअर रायफल, छऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आतली, म्हणून बिनपरवान्याची. गाव आर्वी तालुक्यातलं. गोठ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत १० मीटर आणि वर वीतभर जागा निघते. पलीकडच्या टोकाला तेलाचा १५ किलोचा पिपा आडवा, त्यात फाटक्या गोधड्या कोंबलेल्या, मागे लोखंडी पाट. बैलं बाहेर बांधल्याशिवाय रायफलीला हात लावत नाही. कागद नेहमीचा स्पर्धेचाच, त्याचा १०चा ठिपका अर्धा मिलिमीटर आणि ९चं वर्तुळ साडेपाच. त्या ठिपक्याचं नाव काढण्याइतकी आपली लायकी नाही, पण ५ छऱ्यांचा घोळका, म्हणजे त्यांच्या भोकांचा पसारा, मोजायला कागद बरा पडतो. घोळका जितका लहान तितकी रायफल नेमकी.

डायची कल्पना माझी नाही. अमेरिकेत पिस्तुलाच्या शिशाच्या गोळ्या घरी ओतणारे लोक ती गोळी डायमधून दाबून एका मापाची करतात. नळीच्या आत कोरलेल्या पिळदार खोबणीच्या मापापेक्षा साधारण इंचाचा हजारावा भाग मोठी ठेवतात, म्हणजे गॅस बाजूने निसटत नाही. मग मधमाशीचं मेण आणि अॅलॉक्स नावाचं वंगण निम्मं निम्मं मिसळून लावतात, नळीत शिसं चिकटू नये म्हणून. आपल्याकडे गोळ्या ओतणं शस्त्र कायद्यात येतं, परवान्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. पण हेच दोन संस्कार छऱ्यावर केले तर? हा किडा दिवाळीपासून डोक्यात वळवळत होता.

तूर विकायला आर्वीला गेलो तेव्हा लेथवाल्याकडे थांबलो. पोलादाचा तुकडा, त्यात ४.५ मिमीचं रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार, फिरवून आरपार भोक. एच-७ दर्जाचं रीमर घेतलं तर भोक ४.५०० ते ४.५१२च्या मध्ये बसतं, तेवढं पुरे होतं. लेथवाल्याने भोकाला डोळा लावून पाहिलं. "कायचं हाय भाऊ हे? शेवया कराचा साचा?" म्हटलं, तसंच समजा.

पहिल्याच दिवशी ५० छरे पितळी सळईने डायमधून ढकलले. सगळे एकसारखे, गुळगुळीत, पाहून जीव हरखला. डब्यातल्या जशाच्या तशा छऱ्यांचा घोळका १४ मिमी येत होता. डायमधल्यांचा आला २२. पुन्हा मारले, २३.

दोन दिवस रायफलीवर संशय घेतला, मग नीट विचार केला. पिस्तुलाची गोळी भरीव असते, आपला छर्रा डमरूसारखा. डोकं नळीतल्या खोबण्यांमधल्या उंचवट्यांवर टेकून सरळ जातं, आणि मागचा पातळ घेर मुद्दाम मोठा ठेवलेला असतो, हवेने फुलून नळी घट्ट बंद करायला. तोच घेर मी इस्त्री करून टाकला होता. डायमधला छर्रा नळीत ठेवताना बोटाचा दाबही लागत नव्हता, हे पहिल्याच दिवशी जाणवलं होतं, पण तेव्हा डोळ्यांवर हौसेची झापड. मग फक्त डोकं डायमध्ये घालून परत काढून पाहिलं. १३ आणि १४. म्हणजे काहीच नाही. डोकी आधीपासूनच मापात होती.

पुढचा नाद वजनाचा. माझा खिशातला काटा ०.०१ ग्रॅमचा, म्हणजे छऱ्यांच्या वजनाच्या मापात जवळपास ०.१५ ग्रेनची एक पायरी, आणि छऱ्याछऱ्यातला फरक त्याच्या आसपासच. त्यावर छाटणी करणं म्हणजे बैलगाडीच्या तराजूवर जिरं मोजणं. ओळखीच्या सोनारकाकांकडे मिलिग्रॅमचा काटा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना पंखा बंद करून ४० छरे तोलले, ०.५१२ ते ०.५३१ ग्रॅम भरले. काका जुन्या हिशेबाचे. "सव्वाचार गुंजा भरला," म्हणाले, "अन् मोल पाहा, चार आन्याचं बी नाही." वजनाने छाटून घोळका १२ झाला. बरं वाटलं, पण घामाच्या मानाने कमी.

खरा चोर भलतीकडेच होता. २०० छरे पांढऱ्या धोतरावर ओतून एकेक उजेडात धरला, तर ३७ जणांचा घेर चेपलेला! डबा मोटारसायकलच्या डिकीत तीन महिने फिरतोय, दुसरं काय होणार? थोडे चेपलेले बॉलपेनच्या टोकाने आतून फिरवून गोल केले, जास्तीचे बाजूला टाकले. ना डाय, ना काटा, नुसती ही निवड करून घोळका साडेनऊ. दीडशे रुपयांच्या डायने जे केलं नाही ते धोतराने केलं.

आता तेलपाणी. आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुतले, पाणी राखाडी झालं. ते पाणी गोठ्यात किंवा झाडांना ओतू नका, शिसं आहे. वाळल्यावर ५० छऱ्यांना शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब लावले. हा मूर्खपणा होता. पहिलाच छर्रा धाडकन गेला, नळीतून निळसर धूर, कागदावर दोन सेंटिमीटर वर. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि तेलाची वाफ पेटते. आपल्या शेतातल्या डिझेल इंजिनाचंच तत्त्व. त्यात पिस्टनचं सील जळतं, स्प्रिंग तुटू शकते, आणि २० ज्यूलचा हिशेब आपल्या हातात राहत नाही. नळी पूर्वपदावर यायला २५ छरे लागले.

नंतर मेण. जुन्या लुगड्याच्या चिंधीला मेणाचा नुसता हात लावायचा आणि त्यात दहा-दहा छरे घोळवायचे. धूर नाही, आवाज नेहमीचा. घोळका ९, म्हणजे कोरड्यापेक्षा फरक सांगण्यासारखा नाही. पण नळीतून ओढलेल्या कापडावर शिशाची राखाडी रेघ कमी दिसते, म्हणून मेण चालू ठेवलंय.

मे महिन्यात मात्र पंचाईत झाली. मेण वितळतं साठ-पासष्ट अंशाला, पण टिनाच्या छपराखाली त्याच्या बरंच आधी मऊ होतं. एका दुपारी डबा उघडला तर छऱ्यांची चिक्की झालेली. गारव्याला म्हणून डबा माठाशेजारी ठेवला आणि आईने पाहिला. "शिसं अन् पिण्याचं पानी एका जागी? उचल आंधी ते!" बरोबरच होतं तिचं. आता डबा कापसाच्या खोलीत, कोनाड्यात, नातवंडांच्या हाताच्या वर. आणि छरे हाताळले की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.

शेजारचे भाऊ मधूनच विचारतात, संत्र्यावरची वानरं उडवशील का. नाही. वन्यजीव कायदा १९७२चा आहे आणि माझा कागद काही संत्री खात नाही.

परवा लेथवाला भेटला. घरी सांगितलं म्हणे, आता बायको शेवयांसाठी तो साचा मागते आहे. त्यातून ५० शिशाचे छरे गेलेत, म्हणून दिला नाही. दुसरा करून घ्या म्हटलं, रीमर तुमच्याकडेच आहे.