पडलेला शेअर म्हणजे स्वस्त शेअर नव्हे

आज देवगडला पुतण्याला घेऊन दुपारभर पडवीत बसलो. त्याला पवनऊर्जेतला एक शेअर घ्यायचाय. "काका, एवढा पडलाय, आता वरच जाणार." मी आधी वार्षिक अहवाल उघडायला लावला, आणि थेट कर्जाचं पान.

2017 मध्ये या धंद्याचं गणितच बदललं. विजेला आधीच ठरलेला दर जाऊन लिलाव आले (जो कमी दरात वीज देईल त्याला काम), पहिल्याच लिलावात युनिटमागे 3.46 रुपये. त्याच वर्षी घसाऱ्याची सवलत (यंत्राच्या किमतीतला जो भाग दरवर्षी करपात्र नफ्यातून वजा करता येतो) 80 वरून 40 टक्क्यांवर. ऑर्डरी आटल्या, कर्ज असलेल्या कंपन्या भरडल्या गेल्या. पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनने तर 2012 लाच परकीय रोखे (परकीय चलनात घेतलेलं कर्ज) थकवले होते. मार्च 2020 मध्ये शेअर 2 रुपयांच्याही खाली. तिथून तो वर आला हे खरं, पण मधल्या काळात राईट्स इश्यू (आधीच्याच भागधारकांना नवे शेअर देऊ करणं) आला, शेअरची संख्या फुगली, ते कोणी बघत नाही.

माझ्या मते येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) किती अडकलीत आणि देखभालीच्या करारांतून किती येतं, हे आधी बघावं. पवनचक्की उभी राहिली की वीसेक वर्षं तिला देखभाल लागतेच (आमच्या खाऱ्या वाऱ्यात तर जास्तच).

संध्याकाळी पोराने स्वतःहून येण्यांचे आकडे वर्षवार वहीत मांडले. फार बरं वाटलं. उद्या कॅश फ्लो, म्हणजे रोख पैसा किती आला-गेला, ते बघणार आहोत.