तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा माल्टाला परराष्ट्र धोरण कशाला?

मी पणजीत आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते आणि माल्टाचं नाव माझ्या तोंडी सारखं येतं. मग प्रश्न ठरलेलाच. विद्यार्थी विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, परवा एका व्याख्यानानंतर निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एका काकांनीही विचारलं, "मॅडम, एवढ्याशा देशाला कसलं आलंय परराष्ट्र धोरण? मोठे सांगतील तिकडे मान डोलवायची, झालं!" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

देश खरोखरच लहान आहे. ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मा. वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास. सिसिलीच्या दक्षिणेला, युरोप आणि आफ्रिकेच्या मधल्या पाण्यात बसलेली काही बेटं. २१ सप्टेंबर १९६४ रोजी ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं, १ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश झाला. ब्रिटिश नौदलाचा तळ मात्र तिथेच राहिला आणि बेटावरची असंख्य घरं त्याच तळाच्या पगारावर चालत होती. अशा देशाने जगाला काही सांगावं, ही अपेक्षा तेव्हा कुणीच केली नव्हती.

या देशाने संयुक्त राष्ट्रांत पाठवलेले पहिले स्थायी प्रतिनिधी म्हणजे आर्विड पार्डो. वडील माल्टाचे, आई स्वीडिश, जन्म १९१४ चा, रोममधला. दुसऱ्या महायुद्धात आधी इटलीच्या फॅसिस्टांनी आणि नंतर जर्मनांनी त्यांना तुरुंगात डांबलं होतं. युद्धानंतर ते संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरखान्यात कामाला लागले. माल्टाकडे माणसंच इतकी कमी की पुढे वॉशिंग्टन आणि मॉस्को, दोन्हीकडे राजदूत म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. शीतयुद्धाच्या ऐन भरात एकच माणूस दोन्ही महासत्तांच्या दरबारी!

१७ ऑगस्ट १९६७ रोजी माल्टाने सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक नवा विषय ठेवण्याची विनंती केली: किनारी देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ. १ नोव्हेंबरला पार्डो सभेच्या पहिल्या समितीसमोर, म्हणजे शस्त्रकपात आणि सुरक्षेचे विषय पाहणाऱ्या समितीसमोर, बोलायला उभे राहिले. सकाळी सुरू झालेलं भाषण दुपारच्या बैठकीत संपलं. मी ते दरवर्षी वर्गात वाचून घेते, कारण वकिलाने बाजू कशी मांडावी याचा तो उत्तम धडा आहे. भावनेला हात घालण्याआधी त्यांनी समुद्राच्या तळाशी काय आहे ते सांगितलं. तळावर पसरलेले धातूंचे गोळे, त्यांतलं मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. मग तिथे शस्त्रं ठेवली जाण्याचा आणि किरणोत्सारी कचरा टाकला जाण्याचा धोका. आणि मग कायद्यातली फट.

ही फट समजून घेण्यासारखी आहे. १९५८ च्या जिनिव्हा करारात किनारी देशांना समुद्रतळावर हक्क दिले होते ते २०० मीटर खोलीपर्यंत, किंवा त्यापुढे जिथवर खनिजं काढणं शक्य होईल तिथवर. या "शक्य होईल तिथवर"मध्ये सगळी गोम होती. यंत्रं सुधारत जातील तशी हद्दही पुढे सरकणार. ज्याच्याकडे पैसा आणि यंत्रं, त्याचा समुद्र. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतल्या देशांच्या वाट्याला काय उरणार होतं? पार्डोंची मागणी अशी होती की हा तळ समस्त मानवजातीचा सामायिक वारसा समजावा, त्यावर कुणी मालकी सांगू नये, तिथे शस्त्रं नेऊ नयेत, देखरेखीसाठी आंतरराष्ट्रीय यंत्रणा असावी आणि मिळकतीत गरीब देशांना अग्रक्रम मिळावा.

तेव्हाच्या संपत्तीबद्दलचे त्यांचे अंदाज फारच आशावादी ठरले, हे खरं आहे. युक्तिवाद मात्र टिकला. १७ डिसेंबर १९७० रोजी सर्वसाधारण सभेने ही तत्त्वं जाहीर केली: बाजूने १०८, विरोधात एकही नाही, तटस्थ १४. पुढे १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षं वाटाघाटी चालल्या आणि १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातल्या माँटेगो बे इथे समुद्र कायद्याच्या करारावर सह्या झाल्या. त्याचं कलम १३६ म्हणजे जवळजवळ पार्डोंचंच वाक्य आहे.

आता गोव्याकडे येते, कारण माझे विद्यार्थी इथेच कान टवकारतात. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. या संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून पहिला नोड्यूल, म्हणजे पार्डोंनी सांगितलेला तो धातूंचा गोळा, वर काढला. काळपट, खडबडीत, बटाट्यासारखा दिसणारा दगड. हातात घेऊन पाहिला तर त्यात विशेष काही वाटणार नाही. पण तो चार-पाच किलोमीटर खोल अंधारात, दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर या गतीने वाढलेला असतो. त्या कामाच्या बळावर भारताने नव्या व्यवस्थेत अर्ज केला आणि ऑगस्ट १९८७ मध्ये जगात सर्वांत आधी भारताचीच 'आद्य गुंतवणूकदार', म्हणजे या शोधात आधीच पैसा घातलेला देश, म्हणून नोंद झाली. मध्य हिंद महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालं, नियमाप्रमाणे त्यातलं निम्मं परत केलं, आज ७५ हजार चौरस किलोमीटर आपल्याकडे आहे. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जहाजं असलेल्या देशांच्या आधी आपला नंबर लागला, तो रांग लावायचा नियम होता म्हणून. आणि त्या नियमाची सुरुवात माल्टाने केली होती. काकांना मी एवढंच सांगू शकले असते तरी पुरे होतं.

माल्टाला स्वतःला काय मिळालं, असंही विचारतात. फार नाही. या तळाची देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचं मुख्यालय आपल्याकडे यावं म्हणून माल्टा स्पर्धेत होता, फिजी आणि जमैकाही होते. ते गेलं जमैकात, किंग्स्टनला. पार्डोंना तर १९७१ मध्ये माल्टात सत्तांतर झाल्यावर त्या पदावरून दूर करण्यात आलं. करार झाला तेव्हाही ते समाधानी नव्हते, कारण किनारी देशांनी २०० सागरी मैलांपर्यंतचा, म्हणजे ३७० किलोमीटरचा पट्टा आधीच आपल्याकडे ओढून घेतला होता. सामायिक म्हणून उरला तो त्यापलीकडचा भाग. लहान देशाने मांडलेली कल्पना जगाची होते, पण तिचं पुढे काय करायचं हे त्याच्या हाती राहत नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि तरीही ती मांडायलाच हवी होती, यात मला शंका नाही.

१९७१ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान डॉम मिंटॉफ हे अगदी वेगळ्या स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या नाटोचं नौदल मुख्यालय बेटावरून हलवायला लावलं, ब्रिटिशांशी तळाच्या भाड्यावरून भांडण काढलं आणि मार्च १९७२ मध्ये वर्षाला १ कोटी ४० लाख पौंडांचा सात वर्षांचा करार पदरात पाडून घेतला. ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे ब्रिटिश सैनिक गेले. मिंटॉफ यांची देशांतर्गत कारभाराची रीत मला मुळीच आवडत नाही. पण वाटाघाटीच्या टेबलावर त्यांना आपल्या देशाचं वजन नेमकं कळत होतं.

१९७५ च्या हेलसिंकी परिषदेचं उदाहरण घ्या. युरोपच्या सुरक्षेवर ३५ देश बसले होते, अमेरिका आणि सोव्हिएत संघासह. तिथे मतदान नव्हतं, सगळं एकमताने. म्हणजे एकाने "नाही" म्हटलं की काम थांबलं. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना जुलैअखेर शिखर परिषद हवीच होती. मिंटॉफ यांचं म्हणणं होतं की भूमध्य समुद्र धुमसत असताना युरोप सुरक्षित कसा राहील? त्यांना त्या समुद्रातून दोन्ही महासत्तांचं आरमार कमी झालेलं हवं होतं. सगळे वैतागले, दबाव आला, पण माल्टा हटेना आणि तारीखही ठरेना. अखेर अंतिम मसुद्यात भूमध्य समुद्रावरचं प्रकरण आलं आणि त्यात त्या भागातलं सैन्यबळ कमी करण्याचा उल्लेखही आला. ब्रेझनेव्ह, अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि इतर सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या. हाच प्रयोग माल्टाने १९८३ मध्ये याच परिषदेच्या माद्रिदमधल्या पुढच्या बैठकीत पुन्हा केला, तेव्हा मात्र बाकीचे देश वैतागून बसले आणि फारसं हाती लागलं नाही. असं अडून बसणं एखाद्या वेळीच चालतं.

"पण शेजारच्या दांडग्याने खरंच दमदाटी केली तर?" हाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. माल्टाच्या बाबतीत तो दांडगा म्हणजे गडाफींचा लिबिया, ज्याच्याकडून त्याच काळात मदतही येत होती. ऑगस्ट १९८० मध्ये माल्टासाठी समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजाला लिबियाच्या युद्धनौकांनी काम थांबवायला लावलं. माल्टाकडे उत्तर द्यायला आरमार नव्हतं. त्याने गाऱ्हाणं सुरक्षा परिषदेत नेलं, पुढच्याच महिन्यात तटस्थतेच्या हमीसाठी इटलीशी करार केला आणि हद्दीचा वाद दोघांच्या संमतीने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. लिबियाचा युक्तिवाद होता की आमचा किनारा लांब, म्हणून आमचा वाटा मोठा. न्यायालयाने मोजलंही: लिबियाचा संबंधित किनारा १९२ मैल, माल्टाचा २४ मैल. आठास एक! ३ जून १९८५ च्या निकालात न्यायालयाने तरीही मधली रेषाच आधाराला घेतली आणि किनाऱ्यांतला फरक लक्षात घेऊन ती उत्तरेकडे अक्षांशाची फक्त १८ मिनिटं, म्हणजे साधारण ३३ किलोमीटर, सरकवली. माल्टाचा बराचसा दावा शाबूत राहिला. हा खटला शिकवताना मी नकाशा फळ्यावर काढते आणि लिबियाच्या बाजूने बोलायला हुशार मुलं निवडते, म्हणजे माल्टाला काय पेलावं लागलं ते कळतं.

पुढची कामगिरी थोडक्यात सांगते. १९८८ मध्ये हवामानबदलाचा विषय सर्वसाधारण सभेत माल्टानेच आणला आणि ६ डिसेंबरला त्यावरचा पहिला ठराव झाला. वर्षभराने बुश आणि गोर्बाचेव्ह भेटले तेही माल्टाच्याच किनाऱ्याजवळ, ऐन वादळात. २००४ मध्ये माल्टा युरोपीय संघात गेला, २०२३-२४ मध्ये दुसऱ्यांदा सुरक्षा परिषदेवर होता.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ज्या देशाने समुद्र सगळ्यांचा म्हटलं, त्यानेच जून २०१८ मध्ये समुद्रातून वाचवलेल्या ६०० हून अधिक माणसांचं 'अ‍ॅक्वेरियस' जहाज आपल्या बंदरात घेतलं नाही. इटलीनेही नाकारलं, शेवटी ते स्पेनला गेलं. लहान बेटावर किती माणसं मावणार, ही अडचण मला समजते. पण बुडणाऱ्यांची गणितं बंदरात उतरवून घेतल्यावर करायची असतात. पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजनाही अशीच, ती एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेकायदा ठरवली आणि ते योग्यच झालं.

तरीही हा प्रश्न मला आज महत्त्वाचा वाटतो, तो किंग्स्टनमध्ये जे चाललं आहे त्यामुळे. खोल समुद्रातल्या खाणकामाचे नियम तिथे वर्षानुवर्षं घासले जात आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने, जी या कराराची सदस्यच नाही, आपल्या कायद्याखाली खाणकामाला परवाने देण्याची वाट मोकळी केली, तीही कुणाच्याच हद्दीत नसलेल्या तळावर. म्हणजे पार्डोंनी १९६७ मध्ये दाखवलेली भीती जशीच्या तशी समोर आहे. माल्टा २०२४ मध्ये, आधी पुरेसं विज्ञान हाती येऊ द्या, तोवर थांबा, असं म्हणणाऱ्या देशांत सामील झाला. भारताने मात्र खोल सागर मोहीम हाती घेतली आहे आणि हिंद महासागरात ५,२७० मीटर खोलीवर यंत्राची चाचणीही केली आहे. इथे मी माल्टाच्या बाजूने आहे. जो गोळा वाढायला लाखो वर्षं लागतात, त्याच्या आधाराने काय काय जगतं हे कळायच्या आत तो उपसू नये. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे पालक दोना पावलाच्या संस्थेत काम करतात, त्यांना हे पटत नाही, आणि त्यांचे मुद्दे कच्चे नाहीत. पुढच्या सत्रात याच विषयावर वादसभा ठेवली आहे: एका गटाकडे माल्टा, दुसऱ्याकडे भारत. प्राधिकरणाच्या सभेत असतं तसं दोघांनाही एकेकच मत. काकांनाही बोलावलं आहे.