दीड हजारात बसवायचं: फोन आणि घड्याळाच्या सुट्या सामानाची नोंदवही

मेअखेर

नियम आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह झाला तर वही साक्षीला राहील. फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड, बॅटरी ५००० एमएएच. घड्याळ दोन-अडीच हजारांतलं, ब्लूटूथ कॉलिंगवालं. दोन्ही बदलायचे नाहीत. सुट्या सामानावर दिवाळीपर्यंत जास्तीत जास्त दीड हजार रुपये. हत्यारं या हिशोबात धरलेली नाहीत. मल्टिमीटर घरात होताच, यूएसबी मीटर (केबलमधले व्होल्ट आणि प्रवाह दाखवणारा) नवा घेतला, पाचशेच्या आत मिळाला. आणि खरेदी करायची ती रोज जिथे अडतं तिथलीच. 'बघू, कधीतरी उपयोगी पडेल' या सदरातलं सामान माझ्याकडे बुटांची दोन खोकी भरून आहे, ते पुरे.

कल्याण ते सीएसएमटी रोजचा प्रवास. त्यात अडतं ते असं: घामाने मनगटाला खाज, नाडीचे आकडे भलतेच, घड्याळाचा चार्जर एकच आणि तो नेमका घरी, टाइप-सी केबल फोनच्या खाचेत सैल बसते.

यातलं शेवटचं दुखणं फुकटात गेलं. खाच खराब वगैरे काही नव्हती, खिशातल्या धाग्यांचा आणि धुळीचा दाबून बसलेला लगदा आत होता. फोन बंद केला, लाकडी टूथपिकचं टोक सपाट तासलं आणि कडेकडेने हळूहळू सगळं बाहेर काढलं. टाइप-सीच्या खाचेत मधोमध एक पातळ जीभ असते, संपर्काच्या पट्ट्या तिच्यावरच असतात, म्हणून टाचणी किंवा सुई घालायची नाही. केबल आता पूर्वीसारखी 'टक्' करून बसते. 'पोर्ट गेलाय' असं सांगून बदलून देणारे बरेच आहेत, तेव्हा आधी टूथपिक.

जून

पट्टा. या महिन्यात बाकी काही केलं नाही, आणि मला वाटतं सगळ्या सामानात पैशाला सर्वाधिक मोल इथेच मिळतं.

आधी माप. घड्याळाच्या दोन शिंगांमधलं (पट्टा अडकतो त्या टोकांमधलं) आतलं अंतर मोजायचं, पट्ट्याची रुंदी मधोमध मोजून काही कळत नाही. बाजारात १८, २० आणि २२ मिलिमीटर ही मापं सर्रास मिळतात. माझं २२ निघालं. व्हर्नियर नसेल तर शाळेची मोजपट्टी चालते, कारण मधली मापं क्वचितच असतात. २२च्या जागी २० घातला तर तो आडवा सरकत राहतो, उलटं केलं तर बसतच नाही. काही कंपन्या शिंगांऐवजी स्वतःच्या खास खाचा ठेवतात. तसं घड्याळ असेल तर पट्टा फक्त त्या मॉडेलच्या नावाने शोधावा लागतो आणि किंमतही चढी पडते. पुढचं घड्याळ घेताना हे मी सगळ्यात आधी बघणार आहे, स्क्रीनबिक्रीन नंतर.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे स्प्रिंगच्या दांडीला बाहेर आलेली बारीक खुंटी. ती नखाने ओढली की पट्टा निघतो, हत्यार लागत नाही. खुंटी असेल तर दोन पट्टे आलटून-पालटून वापरता येतात, आणि पावसाळ्यात तेच करावं लागतं.

मनीष मार्केटच्या आजूबाजूला पट्ट्यांचे ढीग असतात. तिथून एक भोकाभोकांचा सिलिकॉनचा आणि एक नायलॉनचा वेल्क्रोवाला, दोन्ही मिळून सव्वातीनशेत घेतले. कंपनीबरोबर आलेला सिलिकॉनचा पट्टा सपाट होता, त्याखाली घाम साचून चट्टे उठत. नायलॉनमधून हवा खेळते, त्यामुळे खाज आठवड्याभरात गेली. पण नायलॉन भिजला की रात्रभर पंख्याखाली टाकावा लागतो, नाहीतर कुबट वास सुटतो. म्हणून ज्या दिवशी आभाळ भरलेलं, त्या दिवशी सिलिकॉन.

खरा फरक नाडीत पडला. घड्याळाखालचे हिरवे दिवे कातडीतून रक्तापर्यंत प्रकाश टाकतात, रक्त तो शोषतं, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. घड्याळ सैल असेल तर फटीतून बाहेरचा उजेड आत येतो आणि हात हलला की सगळा गोंधळ. भरभर चालताना स्वस्त घड्याळं कधीकधी पावलांची लयच नाडी म्हणून दाखवतात. दादरचा पूल चढताना माझे ठोके आणि पावलं तंतोतंत जुळायची, ते त्यामुळेच. भोकांच्या पट्ट्यात एक भोक घट्ट होतं आणि पुढचं सैल. वेल्क्रोला असा टप्पा नसतो, हवा तेवढा आवळता येतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही पण वळही उठणार नाही इतपत आवळून घातलं की आकडे शहाण्यासारखे येतात. बोटाने नाडी मोजून ताडून बघितलं, चालण्यापुरते बरोबर आहेत. धावण्यासाठी मी यावर विसंबणार नाही.

चुंबकाने चिकटणारा धातूच्या जाळीचा पट्टाही दुकानात हातात घालून बघितला. दिसतो छान. मनगटावरचे केस ओढतो. ठेवून दिला.

जुलै

घड्याळासाठी दुसरा चार्जर. मागे दोन उघड्या टिकल्या आणि चुंबक, अशी रचना असलेल्या घड्याळांचे चार्जर वरवर सारखे दिसतात, पण पिनांमधलं अंतर वेगवेगळं असतं. दोन पिनांच्यात २.८४ मिलिमीटर आणि चार पिनांच्यात ७.६२ मिलिमीटर ही अंतरं बरीच आढळतात. लॅमिंग्टन रोडवर घड्याळ घेऊनच गेलो. फोटो दाखवून असली वस्तू घेऊ नये. चिकटला म्हणजे जमलं असंही नाही. घरच्या चार्जरवर कोणती पिन धन ते मल्टिमीटरने आधी बघून ठेवलं होतं, नव्यावरही तीच बाजू धन निघाली, मगच घड्याळाला लावला. दोनशे रुपये. चुंबकाला किल्ली चिकटली तर दोन पिना जोडल्या जातात, म्हणून बॅगेत तो जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवतो.

आता या महिन्यातली खरी मजा. ऑफिसातल्या टाइप-सी चार्जरला सी-ते-सी केबलने माझा गळ्यातला ब्लूटूथ हेडफोन लावला की चार्जच होत नसे. तोच हेडफोन जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरवर निमूट चार्ज व्हायचा. वस्तू बिघडलेली नव्हती. टाइप-सी चार्जर केबलमध्ये आपणहून वीज सोडत नाही. समोरच्या उपकरणात ५.१ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) दिसला तरच तो ५ व्होल्ट चालू करतो. टॉर्च, ट्रिमर, छोटे पंखे अशा स्वस्त वस्तू बनवणारे अनेकदा हे काही पैशांचे रोध घालतच नाहीत. जुन्या चौकोनी खाचेत मात्र ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तिथे सगळं चालतं.

त्यावर इलाज: पेनड्राइव्ह फोनला जोडायला वापरतात तो ओटीजीचा छोटा बोंडुक, एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी खाच. त्याच्यात तो रोध असतो. बोंडुक टाइप-सी चार्जरमध्ये खोचायचा, त्यात चौकोनी-ते-सी केबल, पुढे हेडफोन. चार्जरला वाटतं समोर उपकरण आहे आणि तो वीज सोडतो. सत्तर रुपये. मीटरवर ५ व्होल्ट आणि बेताचा प्रवाह दिसला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी 'झालं का तुमचं रॉकेट?' असं विचारलं. त्यांचा हँडफॅनही आता याच बोंडुकावर चार्ज होतो.

केबलबद्दल थोडक्यात. साध्या सी-ते-सी केबलची मर्यादा ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याहून जास्त हवं तर केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते. फोन कंपन्यांची स्वतःची जलद चार्जिंगची पद्धत बऱ्याचदा त्यांच्याच केबल-चार्जरच्या जोडीने चालते. बाहेरची १०० वॉटची केबल आणली तरी स्क्रीनवर ते झगमगीत अक्षर उमटेलच असं नाही. लांब, बारीक तारेची केबल टोकाला पोचेपर्यंत व्होल्ट खाते. मीटर केबलच्या फोनकडच्या टोकाला लावला की ती चोरी लगेच दिसते. घरातल्या निम्म्या केबली या परीक्षेत नापास झाल्या. त्या आता रात्रीच्या चार्जिंगला, जिथे कोणाला घाई नाही.

श्रावण

पॉवर बँक नवीन घेतली नाही, पण मेव्हण्याने रेल्वे पुलावरून साडेतीनशेला '२०,००० एमएएच'ची आणली आणि माझं मत विचारलं. मी बायकोचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुढे केला. पॉवर बँकेत असतात त्या एका गोल '१८६५०' लिथियम सेलचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यात अडीच-तीन हजार एमएएच मावतात. म्हणजे वीस हजारांसाठी सात-आठ सेल, नुसत्या सेलचंच वजन तीनशे ग्रॅमच्या वर. काट्यावर आख्खी वस्तू दीडशे ग्रॅमही भरली नाही. मेव्हणे हसले, पण वरणभात होईपर्यंत विषय बदललेलाच बरा होता.

खऱ्या पॉवर बँकेतही खोक्यावरचा आकडा आतल्या सेलचा असतो. १०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ३७ वॉट-तास. ५ व्होल्टला ते ७,४०० होतात आणि रूपांतरात आणखी घट होते. म्हणून बारीक अक्षरात लिहिलेली 'रेटेड कपॅसिटी' सहा हजारांच्या आसपास असते. माझा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा, एवढंच तिच्याकडून मागावं. भारतात विकायच्या पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. 'आर-' ने सुरू होणारा क्रमांक वस्तूवर असायला हवा आणि 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दुकानातच बघता येतं. सुट्या सामानात काटकसर जरूर करा, लिथियमच्या सेलवर मात्र नको. तो डबा उशीशी असतो.

माझ्याकडच्या जुन्या पॉवर बँकेवर घड्याळ लावलं की ती थोड्या वेळाने स्वतःच बंद पडायची. घड्याळाची बॅटरी दोन-तीनशे एमएएचची, ओढ इतकी कमी की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. अनेक पॉवर बँकांत कमी प्रवाहाची वेगळी सोय असते. माझ्यात बटण दोनदा दाबलं की ती चालू होते. माहितीपत्रक एकदा वाचावं, ते फुकट असतं.

मग एनएफसीचे टॅग, म्हणजे फोन टेकवला की बिनतारी वाचले जाणारे. नाण्याएवढी स्टिकरं, दहांचं पाकीट अडीचशेला, ऑनलाइन मागवलं. आतली चिप एनटॅग२१३, तीत वापरता येण्याजोगी जागा १४४ बाइट. आकडा केविलवाणा वाटतो, पण टॅगवर एक खूण तेवढी ठेवायची असते, काम फोनमधलं ॲप करतं. पहिला टॅग ऑफिसच्या टेबलाखाली, फोन टेकवला की आवाज बंद आणि वायफाय चालू. दुसरा ओट्याशेजारच्या फरशीवर. सकाळी दूध तापवणं माझ्याकडे असतं आणि ते उतू जाणं हा घरातला कायमचा खटला. आता गॅस पेटवला की फोन टॅगला टेकवतो, सात मिनिटांचा टाइमर सुरू होतो, संपला की मनगटावर थरथर. टॅग थेट स्टीलच्या डब्यावर चिकटवला तर वाचला जात नाही, धातूसाठी पाठीला फेराइटचा (धातूचा अडथळा टाळणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) थर असलेले वेगळे टॅग मिळतात. तसा एक पन्नास रुपयांत घेतला आणि पाण्याच्या पिंपावर लावला. घ्यायच्या आधी फोनमध्ये एनएफसी आहे का ते पाहा, स्वस्त फोनांत ते बहुतेकदा नसतं. आणि स्क्रीन उघडी असल्याशिवाय टॅग वाचला जात नाही, तेव्हा फार जादूची अपेक्षा नको.

गणपतीनंतर

फोनच्या स्क्रीनवरची संरक्षक काच बदलली. अशा काचेच्या जाहिरातीतला 'नऊ एच' हा पेन्सिलीच्या कठीणपणाचा मापदंड आहे, खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स (Mohs) मापाशी त्याचा संबंध नाही. वाळूतला क्वार्ट्झ मोह्सच्या मापावर सातला असतो आणि काचेला आरामात ओरखडतो. 'अकरा डी' म्हणजे काय ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. शंभर रुपयांची काच शंभरचं काम करते: स्वतः फुटते. बोट लावायचा सेन्सर स्क्रीनखाली असेल तर काच बसवल्यावर बोट नव्याने नोंदवा.

पुण्याचा एक मित्र स्कूटरच्या हँडलला फोन लावतो. त्याला सांगून ठेवलं आहे की कॅमेऱ्यात स्थिरतेची हलती यंत्रणा असेल तर इंजिनाच्या सततच्या थरथरीने ती बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना तशी सूचनाच दिली होती. थरथर शोषणारा रबरी तुकडा असलेला होल्डर थोडा महाग पडतो, पण त्याने तोच घ्यावा.

मनगटाला अडकवायची दोरी साठ रुपयांना. कव्हरच्या चार्जिंगच्या भोकातून बाहेर काढलेल्या कापडी पट्टीला ती बांधतात, त्यामुळे कव्हरची खालची कड अखंड हवी. स्टेशनच्या जिन्यावर, रिक्षातून उतरताना उत्तम. लोकलच्या दारात मात्र दोरीवर भरवसा ठेवून फोन बाहेर काढू नका. फोन पाडून पळवण्यासाठी फटका गँगवाला रुळाशेजारून काठी मारतो तेव्हा दोरीमुळे फोनबरोबर हातही ओढला जाईल. दारात उभं असताना फोन बॅगेत, बॅग पुढे, आणि कोणाचा फोन आला ते मनगटावर बघायचं. अडीच हजारांचं घड्याळ घेतलं ते यासाठीच.

आतापर्यंत साधारण हजार रुपये गेले. उरलेल्यात आईच्या घड्याळाचा पट्टा बसवायचा आहे. तिचं मनगट बारीक, घड्याळ २० मिलिमीटरचं, आणि बाजारातले वेल्क्रोचे पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी तिला सैल होतात. ताणला जाणारा विणलेला पट्टा मापावर मिळतो का ते बघतोय. नाहीतर नायलॉनचाच आणून कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडून वेल्क्रो इंचभर अलीकडे शिवून घेईन.